सोमवारची शाळा सांभाळून समुद्र: थायलंडला शिकवायला निघालेल्या शिक्षिकेला उत्तर

प्रश्न असा आहे. भांडुपची एक शिक्षिका येत्या मे महिन्यात थायलंडला इंग्रजी शिकवायला चालली आहे. शाळा बँकॉकला लागून असलेल्या समुत प्राकान प्रांतात आहे. ती मासे खाते, इतर मांस नाही. पोहता येत नाही. पगार बेताचा. तिला विचारायचंय की शनिवार-रविवारी फुकेत नाहीतर क्राबी उरकता येईल का, एकटीने जाणं सुरक्षित आहे का, आणि फिरण्यामुळे व्हिसाची काही अडचण येते का. आईचा जीव वर-खाली होतोय, हेही तिने शेवटी लिहिलंय.

मी थायलंडच्या शाळांमध्ये बरीच वर्षं शिकवलं. आता दादरला राहून तिकडे जाणाऱ्या शिक्षकांची तयारी करून घेते. हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो आणि माझं उत्तर बदललेलं नाही: फुकेत-क्राबी शनिवार-रविवारी करू नकोस. जवळचा किनारा धर, जिथे तुझ्या विद्यार्थ्यांची घरं सुट्टीला जातात असा, आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा.

कारण सोमवार. थायलंडच्या बहुतेक शाळांमध्ये शिक्षकाने साडेसातच्या आसपास आवारात हजर असावं लागतं. आठ वाजता मैदानात सगळी शाळा रांगेत उभी राहते, राष्ट्रगीत होतं, झेंडा वर जातो, प्रार्थना होते. परदेशी शिक्षक त्या रांगेत दिसला पाहिजे, याकडे मुख्याध्यापकांचं फार बारीक लक्ष असतं. तू व्याकरण किती छान शिकवतेस हे त्यांना दोन महिन्यांनी कळेल. तू सोमवारी झेंड्याला वेळेवर असतेस की नाही हे पहिल्याच आठवड्यात कळतं, आणि नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवताना तेच आठवलं जातं. त्यामुळे सहलीचा विचार रविवार संध्याकाळपासून उलटा करायचा. रविवारी अंधार पडायच्या आत परतीच्या गाडीत बसता येईल अशीच जागा निवडायची.

तुला मोह होणार हे मला माहीत आहे, कारण सुवर्णभूमी विमानतळ तुझ्याच प्रांतात आहे. फुकेतचं विमान सव्वा-दीड तासाचं. पण फुकेतचा विमानतळ बेटाच्या उत्तर टोकाला आहे आणि काता, करोन हे किनारे दक्षिणेकडे. म्हणजे उतरल्यावर आणखी तास-सव्वा तास रस्त्यावर. शुक्रवारची शाळा सुटल्यावर निघालीस तर रात्री उशिरा खोलीवर, शनिवार एक पूर्ण दिवस, आणि रविवारी दुपारपासून घड्याळाकडे डोळे. शनिवार-रविवारच्या तिकिटांचे भावही चढे असतात.

त्याहून मोठं कारण म्हणजे तू मे महिन्यात पोचतेयस. जो नैऋत्य मोसमी वारा जूनमध्ये जुहूच्या आणि दादरच्या किनाऱ्यावर लाटा आपटतो, तोच मे ते ऑक्टोबर थायलंडच्या पश्चिमेला, अंदमान समुद्राच्या बाजूला, फुकेतवर आपटतो. काता, करोन, पातोंग सगळे पश्चिमेला तोंड करून आहेत. त्या महिन्यांत तिथे लाल बावटे लागतात आणि पाण्याची ओढ इतकी जबर असते की चांगले पोहणारेही बुडतात. दरवर्षी बुडतात. आपल्याकडे पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद करतात आणि आपण मुकाट्याने ऐकतो. तिथे पर्यटक लाल बावट्याच्या शेजारून पाण्यात उतरतात. फुकेत-क्राबी मोठ्या सुट्टीसाठी ठेव. शाळेचं पहिलं सत्र मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, दुसरं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. मार्चमधली परीक्षा संपली की अंदमानचं पाणी शांत आणि निळं असतं. तेव्हा आठवडाभर जा.

आता जवळचे किनारे.

तुझ्यासाठी पहिलं नाव बांगसेन. चोनबुरी प्रांतात, बँकॉकपासून साधारण शंभर किलोमीटर. पूर्वेकडच्या गाड्यांचं स्थानक एक्कामाई, आणि समुत प्राकानहून बीटीएस या शहरी उन्नत रेल्वेने तू थेट तिथे पोचतेस, गाडी बदलावी लागत नाही. पुढे बस किंवा व्हॅन. वाहतूक बरी असेल तर दोन तासांच्या आत समुद्र. परदेशी पर्यटक इथे फारसे येत नाहीत, कारण पाणी निळं नाही. थायलंडच्या आखाताच्या अगदी आतल्या कोपऱ्यात नदीचा गाळ येतो, आणि पावसाळ्यात कधी कधी सगळा समुद्र हिरवा होतो. तो नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवाचा प्रताप. मुंबईच्या किनाऱ्यावर रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा दिसतात त्याही त्याच्याच. हिरवं पाणी असेल त्या दिवशी आत उतरायचं नाही, मासे मरून वास येतो आणि कातडीला खाज सुटते.

पण बांगसेनचा खरा गुण माणसांत आहे. नारळाच्या झाडांखाली ओळीने आरामखुर्च्या आणि छत्र्या, एकेका छत्रीखाली आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळं घर. आणि बहुतेक सगळे कपड्यांसकट पाण्यात. टीशर्ट, अर्धी विजार, कधी पूर्ण बाह्यांचा सदरा. पोहण्याच्या पोशाखात उतरलं पाहिजे असा कुणाचा आग्रह नाही, उलट तिथे तोच वेगळा दिसतो. आपल्याकडून गेलेल्या मुली पहिल्यांदा इथे येतात तेव्हा त्यांचे खांदे सैल झालेले मी पाहिलेत. एकटी बाई खुर्ची भाड्याने घेऊन दिवसभर पुस्तक वाचत बसली तर कुणी त्रास देत नाही. शेजारच्या छत्रीतून कापलेला आंबा मात्र नक्की येतो.

खाण्याबद्दल वेगळं सांगते, कारण मासे खाणारी मुंबईची मुलगी तिथे खरंच सुखात राहते. बाजारात वेताच्या लहान गोल टोपल्यांमध्ये दोन-दोन, तीन-तीन मासे निजवलेले दिसतील, मान मोडून आत वळवलेली. टोपलीत बसावेत म्हणून ती मान वाकवतात, आणि तीच त्यांची ओळख झाली आहे. हा प्ला थू. आपल्या बांगड्याच्याच कुळातला, चणीने थोडा आखूड आणि रुंद. तो आधी वाफवलेला असतो, मग तेलात खरपूस तळतात आणि कोळंबीच्या खारवलेल्या गोळ्यात मिरची-लसूण-लिंबू कुटून केलेल्या झणझणीत ठेच्याबरोबर, उकडलेल्या भाज्या आणि भातासोबत वाढतात. एकदा खाल्लंस की घरची आठवण थोडी सोपी होईल. डुकराचं मांस नको असेल तर ‘माय साय मू’ एवढं पाठ कर, कारण ते भाजीतही किसून घातलेलं असतं. आणि पिवळ्या पताकेवर लाल थाई अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दिसलं की ते पूर्ण शाकाहारी. तिथे अंडं, दूध, कांदा, लसूण काहीच नसतं. परतताना बांगसेनजवळच्या नोंग मोन बाजारात बांबूच्या नळीत भाजलेला चिकट भात मिळतो, नारळाच्या दुधातला. तो शिक्षकांच्या खोलीसाठी घ्यायचा. बाहेर गेलेल्या माणसाने सहकाऱ्यांसाठी काहीतरी खायला आणायचं हा तिथला रिवाज आहे आणि तो पाळणाऱ्या परदेशी शिक्षकाला पटकन आपलं मानतात.

दुसरी जागा को सामेत हे बेट. निळं पाणी आणि पांढरी वाळू हवीच असेल तर ही. रायोंग प्रांतातल्या बान फे धक्क्यावरून बोट, आणि बान फेपर्यंत एक्कामाईहून साडेतीन-चार तास. इथेच लोक फसतात. शुक्रवारी शाळा सुटल्यावर निघालीस तर पोचेपर्यंत मोठ्या बोटी बंद झालेल्या असतात, मग स्पीडबोटवाला म्हणेल ते द्यावं लागतं. त्यापेक्षा शनिवारी पहाटेची पहिली गाडी धर, एक रात्र राहा, रविवारी दुपारच्या बोटीने नीघ. बेट राष्ट्रीय उद्यानात येतं. परदेशी प्रौढाला प्रवेश २०० बाथ, थाई माणसाला ४०. वर्क परमिट दाखवून थाई दर मागता येतो. कधी देतात, कधी नाही. तो आपला हक्क नाही, तेव्हा नाही म्हणाले तर हसून २०० द्यायचे.

सामेतचे बहुतेक किनारे पूर्वेला आहेत, त्यामुळे नैऋत्य वाऱ्याच्या महिन्यांत बेटाचा डोंगर आडोसा करतो. आणि आसपासच्या किनाऱ्यांपेक्षा इथे पाऊसही कमी. म्हणून जून-जुलैत फुकेत खवळलेलं असताना सामेतला बऱ्याचदा पाणी शांत मिळतं. हात साई केव हा सगळ्यात मोठा किनारा, वाळू पिठासारखी, पण शनिवारी रात्री तिथे आगीचे खेळ आणि गाणी उशिरापर्यंत चालतात. झोप हवी असेल तर खाली दक्षिणेकडे आओ थियान किंवा आओ वाय हे किनारे. बोटीवरून उतरल्यावर हिरव्या रंगाच्या, मागे दोन बाकं टाकलेल्या पिकअप गाड्या असतात, माणसं भरली की निघतात. भाडं आधी विचारून बसायचं.

हुआ हिन बँकॉकच्या दुसऱ्या अंगाला, जवळपास दोनशे किलोमीटर, म्हणून तुझ्या घरून थोडं आडवळणी. पण तिथे रेल्वेने जाता येतं. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बँकॉकहून सकाळी लवकर निघणारी सहलीची गाडी नाखोन पाथोमला थांबा घेत हुआ हिनपुढच्या सुआन सोन प्रादिपात किनाऱ्यापर्यंत जाते आणि संध्याकाळी परत आणते. पंख्याचा डबा, उघड्या खिडक्या, डब्यात चढउतार करणारे खाऊवाले. तिकीट नाममात्र. महिनाअखेर असेल तर हीच सहल कर, राहण्याचा खर्चच नाही. पट्टायाबद्दल थोडक्यात: शहरात मुक्काम नको, पण बाली हाय धक्क्यावरून को लान बेटाची साधी बोट अगदी स्वस्त आहे आणि दिवसभरासाठी ते बेट छान आहे.

एकटीच्या सुरक्षिततेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुला तिथे माणसांपेक्षा पाणी आणि स्कूटर यांचा धोका जास्त आहे.

पाण्याचं आधी. निघायला अजून वेळ आहे, तेव्हा पोहायला शीक. महापालिकेचा शिवाजी पार्कचा तलाव आहे, मुलुंडचाही आहे. उन्हाळ्यात शिकवणीच्या तुकड्या असतात, जागा लवकर भरतात. निदान पाण्यावर उताणं पडून शांत राहता आलं पाहिजे. समुद्राने आत ओढलं तर किनाऱ्याकडे झगडत पोहायचं नसतं, त्यात दम संपतो. तरंगत राहायचं आणि किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, ओढ अरुंद असते. हे ऐकून उपयोग नाही, अंगात मुरायला हवं. तोवर कमरेच्या वर पाण्यात जाऊ नकोस.

दुसरं, बॉक्स जेलीफिश. ऑगस्टच्या सुमारास जुहूला जे निळे ब्लूबॉटल येतात त्यांनी आग होते, माणूस सहसा दगावत नाही. थायलंडच्या आखातात, विशेषतः समुई आणि पांगान बेटांवर, बॉक्स जेलीफिशच्या दंशाने मृत्यू झालेले आहेत. म्हणूनच किनाऱ्यावर ठिकठिकाणी व्हिनेगरच्या बाटल्या अडकवलेले खांब दिसतील. पोचल्यावर तो खांब कुठे आहे ते आधी बघून ठेवायचं. दंश झाला तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. अर्धा मिनिट तरी सतत व्हिनेगर ओतायचं आणि १६६९ ला फोन लावायचा, ती रुग्णवाहिका. पावसाळ्यात पाण्यात जाताना पूर्ण बाह्या आणि लांब विजार घालणं हा त्यावर उत्तम उपाय, आणि बांगसेनला सगळे तसेच असतात हे सांगितलंच. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, तिथे इंग्रजी बोलतात. दोन्ही क्रमांक फोनमध्ये आणि आईच्या वहीत लिहून ठेव.

स्कूटर. प्रत्येक किनाऱ्यावर भाड्याने मिळते, कुणी लायसन्स विचारत नाही, आणि इथेच माणसं आयुष्यभराचं नुकसान करून घेतात. रस्त्यावरच्या मृत्यूंमध्ये थायलंड जगातल्या वाईट देशांत मोडतो आणि मरणारे बहुतेक दुचाकीवरचे असतात. तुझ्या लायसन्सवर दुचाकीची नोंद नसेल किंवा हातात इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. हे परमिट इथल्या आरटीओत, लायसन्स आणि पासपोर्ट दाखवून, एका वर्षासाठी मिळतं. आधी काढून ने. आणि गाडीची अनामत म्हणून पासपोर्ट कधीही, कुणाकडेही ठेवायचा नाही. छायाप्रत आणि रोख रक्कम घेणारा दुकानदार शोध, मिळतो. भाड्याच्या जेट-स्कीच्या वाटेला जाऊ नकोस. परत करताना जुने ओरखडे दाखवून पैसे उकळण्याचे प्रकार पट्टाया-फुकेतला फार झालेत.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. बांगसेनला तुझे विद्यार्थी भेटणार. लांबून ‘ख्रू, ख्रू’ (म्हणजे शिक्षिका) अशी हाक येईल, ओली मुलं धावत येऊन हात जोडतील, मागून आईवडील येतील आणि तेही हात जोडतील. शिक्षकाला तिथे फार मान आहे. जूनमधल्या एका गुरुवारी शाळेत गुरुवंदनेचा सोहळा होतो, मुलं फुलांची तबकं घेऊन गुडघ्यावर सरकत पुढे येतात, तेव्हा तुला त्याचा अंदाज येईल. हा मान सुट्टीच्या दिवशीही अंगावर असतो. बिअरच्या बाटलीसोबतचा फोटो फेसबुकवर टाकला तर सोमवारपर्यंत तो पालकांच्या गटात फिरलेला असतो. हे बंधन वाटू देऊ नकोस, कारण याच ओळखीतून वर्ग उघडतो.

थाई भाषेत क्रियापद काळानुसार बदलत नाही. त्यामुळे मुलं ‘यस्टरडे आय गो बीच’ असंच म्हणतात, आणि फळ्यावर तक्ते लिहून ते जात नाही. सोमवारी पहिल्या तासाला स्वतःचे बांगसेनचे चार फोटो दाखव. ही छत्री, हा भात, ही गाडी. मी काय खाल्लं? कशाने गेले? कोण भेटलं? मुलांना ती जागा पाठ असते, त्यामुळे बोलायला काहीतरी असतं, आणि वेंट, एट, सॉ ही रूपं त्यांच्या तोंडून आपोआप यायला लागतात. क्राबीचे फोटो दाखवशील तर वर्ग गप्प बघत बसेल, कारण त्यातली निम्मी मुलं तिथे कधी गेलेली नसतात. मी जवळच्या किनाऱ्याचा आग्रह धरते त्यामागे हेही एक कारण आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं.

व्हिसाचं असं आहे. देशातल्या देशात कुठेही फिरलीस तरी काही लागत नाही, फक्त हॉटेल पासपोर्ट मागेल. अडचण देशाबाहेर पाऊल टाकलं की येते. तुझा नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीचा, व्हिसा आणि त्यावरची मुदतवाढ री-एन्ट्री परमिट (परत येण्याची परवानगी) न घेता बाहेर पडताच रद्द होते. एकदाच्या परमिटला १००० बाथ, अनेक वेळांच्या ३८०० बाथ. कुणी सहकारी म्हणेल, चल मलेशियातल्या लांगकावी बेटावर जाऊन येऊ, चल व्हिएतनामचा किनारा बघू. तर आधी इमिग्रेशनच्या कचेरीत जाऊन हे परमिट घे, मग तिकीट काढ. आणि भारतीयांना पर्यटक म्हणून जो प्रवेश मिळतो त्यावर शिकवणं बेकायदा आहे. ‘आधी तसेच या, कागद नंतर करू’ असं कोणी सांगत असेल तर नकार दे.

जोडसुट्ट्या पहिल्या सत्रात बऱ्याच आहेत. वैशाख पौर्णिमा, जुलैतली आषाढ पौर्णिमा, २८ जुलैला राजाचा वाढदिवस, १२ ऑगस्टला मातृदिन. सुट्टी शनिवार-रविवारी आली तर सहसा सोमवारी भरपाई मिळते. अशा वेळी अख्खं बँकॉक किनाऱ्याकडे निघतं, खोल्यांचे दर चढतात आणि रविवार संध्याकाळची व्हॅन मिळता मिळत नाही. मी अशा दिवसांत घरी राहायचे आणि पुढच्या साध्या शनिवारी जायचे. शनिवारी शाळेचं इंग्रजी शिबिर नाही ना, हे मात्र आधी विचारून घे. करारात ते बहुतेक वेळा लिहिलेलं असतं.

एक सामानातलं: सनस्क्रीन इथूनच बघून घे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन २०२१ पासून तिथल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत वापरायला बंदी आहे, प्रवाळ मरतात म्हणून. सामेत त्यात येतं. दंड एक लाख बाथपर्यंत होऊ शकतो.

आईला ऑक्टोबरच्या सुट्टीत बोलाव. तेव्हा समुईकडे पाऊस सुरू होत असतो आणि अंदमानचा संपलेला नसतो, म्हणून तिला हुआ हिनला ने, रेल्वेने, दोन-तीन रात्री. तिथेही पाऊस येईल, पण बाजार, स्टेशन, मंदिरं सगळं पायी फिरण्याजोगं आहे आणि मासळी बाजारात तिचा वेळ चांगला जाईल. तिकीट मात्र शाळेचं छापील वेळापत्रक हातात पडल्यावरच काढ, सत्र संपायची तारीख प्रत्येक शाळेची वेगळी असते.